आगप्रमुखाचे सासरे

मोठा आवाज हा गुण आहे असं कोणी म्हणायला लागलं की हल्ली मी दोन पावलं मागे सरतो. आमच्या साहेबांनी असंच म्हणून मला आगप्रमुख केलं होतं.

आमचं ऑफिस कानाच्या मशीनचं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तपासणी करायची, मशीन बसवून द्यायचं आणि मशीन कुरकुरायला लागलं की तक्रार ऐकून घ्यायची. यातलं शेवटचं काम माझ्याकडे. दिवसभर मी फोनवर अशा माणसांशी बोलतो ज्यांचं मशीन बंद पडलंय. मशीन बंद पडलंय म्हणून ते फोन करतात, आणि मशीन बंद पडलंय म्हणूनच मी काय म्हणतोय ते त्यांना ऐकू येत नाही. या नोकरीत माझा आवाज असा काही कमावला गेलाय की घरी मी साधं "मीठ दे" म्हटलं तरी जिन्यातून जाणारी माणसं थबकतात.

तर एके दिवशी अग्निशमन दलाचं पत्र आलं, की आपल्या कार्यालयात आग लागल्यास काय व्यवस्था आहे ते कळवावे. व्यवस्था म्हणजे भिंतीवर एक लाल सिलिंडर होता आणि त्यावर रिसेप्शनवरच्या बाई आपली छत्री अडकवायच्या. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं.

"समजा," साहेब म्हणाले, "आग लागली, वीज गेली आणि धोक्याची घंटा वाजलीच नाही. तर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडणार कोण?"

सगळं ऑफिस सावकाश माझ्याकडे वळलं. सूर्यफुलं वळतात तसं. मी मागे वळून बघितलं, तर मागे भिंत.

दुसऱ्या दिवशी मला एक लाल, बिनबाह्यांचं जाकीट मिळालं. त्यावर 'आगप्रमुख' असं ठळक लिहिलेलं होतं, पण पाठीवर. त्यामुळे मी प्रमुख आहे हे फक्त माझ्या मागून येणाऱ्यांना कळणार होतं, आणि माझ्या मागून अजून तरी कोणी येत नव्हतं.

घरी बायकोला जाकीट दाखवलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "गॅस बंद केला का, हे तुम्ही रोज बसस्टॉपवरून फोन करून मला विचारता. आणि तुम्ही ऑफिस वाचवणार?"

"म्हणूनच तर," मी म्हणालो. "आगीची धास्ती असलेला माणूसच या पदाला लागतो."

तिने जाकिटाची घडी केली आणि फडक्यांच्या ढिगावर ठेवली.

ही बातमी जाकिटासकट शेजाऱ्यांपर्यंत गेली. उजवीकडचे शेजारी आले आणि म्हणाले, "आग लागली की आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या. धूर बाहेर गेला पाहिजे." ते गेल्यावर डावीकडचे आले. "खिडक्या मात्र चुकूनही उघडू नका हं. हवा लागली की आग भडकते." मी दोघांचंही कागदावर लिहून घेतलं आणि रात्रभर विचार करून असं ठरवलं की अर्ध्या उघडायच्या. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं: धुरात उभं राहून चालायचं नाही, जमिनीलगत रांगायचं. म्हणून रविवारी सकाळी मी हॉलमध्ये रांगण्याचा सराव केला. टेबलाखालून निघून सोफ्याला वळसा घातला आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी आलो. ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता दोन्ही पाय उचलले, मला जाऊ दिलं आणि पुन्हा खाली ठेवले. ऑफिसात मला एवढं सहकार्य कोणी केलं नाही.

सासरे त्या दिवसांत आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर न्यायालयात लघुलेखक होते. वकील कितीही भरभर बोलोत, साक्षीदार कितीही चाचरोत, यांच्या कानांतून एक अक्षर निसटायचं नाही. त्यामुळे त्या कानांना आता कमी ऐकू येतं हे त्यांना कबूलच नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की हल्ली लोक पुटपुटतात. बातम्या देणारी बाई पुटपुटते, कुकरची शिट्टी पुटपुटते आणि आपली स्वतःची मुलगी तर लहानपणापासूनच पुटपुटते. माझं बोलणं तेवढं त्यांना लख्ख ऐकू यायचं. "जावईबापूंचे उच्चार स्वच्छ आहेत," असं ते सगळ्यांना सांगत. बायको रोज मागे लागायची, "तुमच्याच ऑफिसात बाबांचे कान तपासून घ्या ना हो." आणि मी रोज म्हणायचो, "जरा ही आग आटपू दे."

पण आग आटपेना. अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र हवं तर आधी आगीतून बाहेर पडण्याची रंगीत तालीम करून दाखवायची. तालीम करायची तर आधी महापालिकेकडून इमारतीचा नकाशा मंजूर हवा. नकाशावर मालकाची सही हवी, आणि मालक म्हणाले, "आधी अग्निशमनचं प्रमाणपत्र दाखवा, मग सही." मी या तिघांमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की एका कचेरीतला शिपाई मला तिथलाच कर्मचारी समजून माझ्या हातात फायली देऊ लागला. शेवटी नकाशा हाती आला तेव्हा त्यात आमच्या ऑफिसच्या जागी पाण्याची टाकी दाखवलेली निघाली. कागदोपत्री आम्ही सगळे टाकीत बसून काम करत होतो. मी अग्निशमन दलाच्या निरीक्षकांना विचारलं, "मग आम्हाला आगीचा धोका नाहीच असं धरता येईल का?" त्यांनी समोरची वही मिटली आणि ते म्हणाले, "मीच येऊन बघतो."

ते आले. शांत, बारीक मिशीचे, प्रत्येक वस्तूला बोट लावून बघणारे गृहस्थ. त्यांनी सिलिंडरवरची छत्री काढून रिसेप्शनवरच्या बाईंच्या हातात दिली आणि मागच्या जिन्याचं दार उघडून बघितलं. "हे आत उघडतंय. घाबरलेली माणसं दार ढकलतात, ओढत नाहीत. बाहेर उघडलं पाहिजे."

मी सुतार आणला. सुतार कामाला चोख. त्याने दार उतरवलं, फिरवलं, पुन्हा बसवलं, आणि ते झोकात बाहेर उघडायला लागलं. फक्त फिरवताना दाराची आतली बाजू बाहेर गेली. त्या बाजूवर आदल्याच दिवशी मी स्वतःच्या हातांनी एक मोठा हिरवा बाण चिकटवला होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलं होतं. ते आता जिन्याच्या बाजूला गेलं. दार बंद असल्यावर ते आतून दिसत नव्हतं आणि मी काही जिन्यात जाऊन बघितलं नाही. सुतार जाताना म्हणाला, "तुमची चिठ्ठी सांभाळून ठेवलीय हं साहेब, कुठे फाटली नाही." मी त्याचे आभारही मानले.

पहिली तालीम सोमवारी अकराला ठरली. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण मी रिसेप्शनवरच्या बाईंना सांगितलं, कारण घंटेचं बटण त्यांच्या टेबलाखाली होतं. त्यांनी फक्त तपासणीच्या बाईंना सांगितलं, कारण त्यांचे रुग्ण असतात. तपासणीच्या बाईंनी कोणालाच सांगितलं नाही, फक्त घाबरू नका असं सगळ्यांना सांगितलं. सोमवारी अकराला मी घड्याळ बघून घंटा वाजवली आणि छातीत श्वास भरून "आग! आग!" असं ओरडत सगळं ऑफिस फिरलो. ऑफिसात एकही माणूस नव्हता. सगळे खाली आवारात सावलीत बसून चहा पीत होते. कोणी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचंही ठरवलं होतं.

साहेब भडकले. "याला तालीम म्हणत नाहीत. याला सहल म्हणतात! आता पुढची तालीम मी घेणार. कधी, ते कोणालाही कळणार नाही. तुम्हालासुद्धा!"

हे ऐकून मला खरं तर बरंच वाटलं. घंटा वाजवायची जबाबदारी गेली. त्या हलक्या मनाने मी बायकोला म्हणालो, "गुरुवारी बाबांना घेऊन जातो. दुपारी तू ये त्यांना न्यायला."

गुरुवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. "तपासणी कसली, तुमचं ऑफिस बघायला आलोय," असं त्यांनी रिसेप्शनवर जाहीर केलं. मी त्यांना बाकावर बसवलं, तपासणीच्या बाईंना त्यांच्याकडे बघायला सांगितलं आणि माझ्या फोनवर गेलो. पलीकडे एक आजी होत्या. त्यांच्या मशीनमध्ये रेडिओ लागतो अशी त्यांची तक्रार होती. मी त्यांना ओरडून ओरडून कोणतं बटण दाबायचं ते सांगत होतो आणि तेवढ्यात घंटा वाजली.

मी उठून उभा राहिलो. सगळे उभे राहिले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"खरी की खोटी?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

आता मी प्रमुख. प्रमुखाला माहीत असायला हवं. खोटी म्हणावं आणि खरी निघाली तर सगळे आरामात बसून जळतील. खरी म्हणावं आणि खोटी निघाली तर उद्यापासून माझ्या ओरडण्याला कोण विचारणार? मी छाती पुढे काढून म्हणालो, "दोन्ही!"

यावर कोणाला काय कळलं ते मला माहीत नाही, पण सगळे मागच्या दाराकडे धावले. मी जाकीट चढवलं. घाईत उलटं चढवलं गेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी समोरून आगप्रमुख दिसलो. सगळ्यांनी दार ढकललं, दार झोकात बाहेर उघडलं, आणि समोर जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिवणवर्गातल्या बायका उभ्या. आमची घंटा ऐकून त्या जिना उतरत होत्या. आमच्या दारावर त्यांना मोठा हिरवा बाण दिसला, त्याखाली 'बाहेर पडण्याचा मार्ग' असं वाचलं, आणि बाण होता आमच्या ऑफिसकडे. त्या आत शिरायला बघत होत्या. आम्ही बाहेर निघायला बघत होतो.

"अहो, आग आत आहे!" मी ओरडलो.

"मग बाण कशाला लावलाय आत?" गळ्यात मोजपट्टी अडकवलेल्या एक बाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. माझ्याहून मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. एकाच धंद्यातल्या माणसाबद्दल वाटावा तसा आदर मला क्षणभर वाटला.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मला ते नीट कळलंच नाही. काही शिवणवाल्या आमच्या ऑफिसातून आरपार पुढच्या जिन्याने खाली गेल्या. आमची काही माणसं शिवणवाल्यांच्या रेट्यात आधी वर गेली आणि मग खाली आली. मी मध्ये उभा राहून दोन्ही हातांनी दिशा दाखवत होतो, आणि कोणीतरी माझ्या हातात अर्धवट शिवलेला फ्रॉक देऊन गेलं.

आवारात निरीक्षक वही घेऊन उभे होतेच. म्हणजे ही तालीम होती तर! माझ्या जिवात जीव आला. "माणसं मोजा," ते म्हणाले. मी मोजली. आमच्यापेक्षा बरीच जास्त भरली. मी समाधानाने सांगितलं, "सगळे आले. उलट थोडे उरले."

"तुमचे साहेब दिसत नाहीत," निरीक्षक म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी उत्तर द्यायच्या आतच फाटकातून बायको आली. तिने गर्दी बघितली, माझं उलटं जाकीट बघितलं, हातातला फ्रॉक बघितला आणि तिसराच प्रश्न विचारला.

"बाबा कुठे आहेत?"

घंटा खोटी आहे हे मला माहीत होतं. पण एक म्हातारा माणूस, परक्या ऑफिसात, एकटा, सगळे पळून गेलेत आणि कोणी त्याला हाकही मारली नाही, हे काही खोटं नव्हतं. समोरच उभ्या असलेल्या तपासणीच्या बाईंना विचारावं हेही मला सुचलं नाही. मी फ्रॉक बायकोच्या हातात कोंबला आणि जिना चढत सुटलो. "आगीत पुन्हा आत जायचं नाही!" असं निरीक्षक मागून ओरडले. हा नियम मीच फलकावर लिहिला होता.

बाकावर कोणी नव्हतं. स्वच्छतागृहात नव्हतं. मी सामानाच्या खोलीचं दार उघडलं, तर खोक्यांच्या मधोमध साहेब आडवे पडलेले. डोक्याला बँडेज, बँडेजवर लाल शाई, एक हात छातीवर. माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे मिटून कण्हायला सुरुवात केली.

"माफ करा साहेब, जरा घाईत आहे," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

मग मला शांत खोली आठवली. शांत खोली म्हणजे आमची कान तपासायची खोली. चारही बाजूंनी जाड गाद्या ठोकलेली, कपाटाएवढी. आत बसलं की बाहेर बँड वाजला तरी कळत नाही. रुग्णाने कानाला हेडफोन लावून बसायचं, हातात बटण धरायचं, बारीकसा आवाज आला की दाबायचं. काचेतून बघितलं तर सासरे आत ताठ बसलेले. हेडफोन लावलेले, अंगठा बटणावर, डोळे मिटलेले. न्यायालयात बसायचे तसेच. बाईंनी त्यांना बसवलं, आवाज सुरू करणार तेवढ्यात घंटा झाली, आणि बाईंना वाटलं की जावई आहेतच, ते घेऊन येतील.

मी दार ओढलं. त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "संपलं. इतका वेळ बसलोय. एकदाही बटण दाबायची वेळ आली नाही."

मी नुसता त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढला.

घंटा अजून वाजतच होती. ती बंद कशी करायची हे ठरवायचं आम्ही सगळेच विसरलो होतो. सासऱ्यांनी मान वळवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

"हे काय वाजतंय?"

"घंटा, बाबा. आग लागलीय. म्हणजे नाही लागलेली. चला."

"घंटा वाजतेय," ते म्हणाले. आणि तिथेच बसून राहिले. ती कर्कश, डोकं उठवणारी घंटा ते असे ऐकत होते की मला त्यांना उठवायचा धीर होईना. एकदा तर त्यांनी सवयीने बटण दाबलं.

मी त्यांचा हात धरून जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर ते थांबले. "लोक पुटपुटतात असं मी म्हणायचो ना," ते म्हणाले. "आत बसल्यावर वाटलं, आता पोरीचं पुटपुटणंसुद्धा गेलं. मुकाट तपासून घेतलं असतं आधीच, तर काय बिघडलं असतं?" मग म्हणाले, "मशीन घेऊन टाकू. दोन्ही कानांना."

आवारात बायको फ्रॉक छातीशी धरून उभी होती. वडिलांना बघताच तिने आधी डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळली. "विसरलात ना? माझ्या बाबांना आत विसरून खाली आलात!"

"नाही गं," सासरे मध्येच म्हणाले. "जावईबापू सगळ्यात आधी माझ्याकडेच आले. मीच म्हटलं, तुम्ही बाकीच्यांना काढा, मी बसतो."

साक्षी उतरवून घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने माझ्यासाठी उघड उघड खोटी साक्ष दिली. निरीक्षकांनी लिहिता लिहिता वर बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. बायकोचा अर्थातच विश्वास बसला नाही.

"बाबा, तुम्ही गप्प बसा! यांची बाजू घेऊ नका. आणि अहो, तुम्हीसुद्धा, किती वेळा सांगितलं बाबांचे कान तपासा, कान तपासा..."

ती दोघांवर एकदम सुरू झाली. शिवणवर्ग गोल करून उभा राहिला. मघाच्या मोजपट्टीवाल्या बाई मान डोलवत तिला दाद देत होत्या. तेवढ्यात जिन्यावरून साहेब आले, कपडे धुळीने माखलेले, बँडेज एका डोळ्यावर घसरलेलं, आणि लांबूनच ओरडायला लागले, "जखमी माणसाला बघून दार लावून घेतलंत! तुम्ही आगप्रमुख आहात का कोण आहात?" निरीक्षकांनी त्यांना थोपवलं आणि विचारलं, "आधी सांगा, हे जिवंत राहिलेल्यांत धरायचे की दगावलेल्यांत?" याचं उत्तर त्यांना अजून कोणी दिलेलं नाही, आणि आमचं प्रमाणपत्र त्यामुळेच अडलेलं आहे.

इतक्या लोकांसमोर शोभा होतेय हे बघून मी बायकोला म्हणालो, "हळू बोल गं जरा. घरी गेल्यावर बोल."

सासऱ्यांनी माझा दंड धरला. त्यांनी मान थोडी तिरकी केली होती, चांगला कान मुलीकडे करून. ती त्यांनाच बोलत होती, त्यांच्या हट्टाबद्दल, न घेतलेल्या गोळ्यांबद्दल, माझ्याबद्दल, सगळ्याबद्दल.

"थांबवू नका तिला," ते मला म्हणाले. "स्वच्छ ऐकू येतंय."